केडगावच्या पंडिता रमाबाई



पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचे एक स्टेशन आहे. चारकोपहून तेथे जायचे झाले तर आधी बसने कांदिवली स्टेशन गाठावे लागते. मग लोकलने दादर, दादरहून पुणे, आणि पुण्याला पुन्हा गाडी बदलून केडगाव. स्टेशन लहानसे आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली या गावात आणल्या गेल्या. उपासमारीने त्यांच्या अंगावर हाडे आणि कातडी एवढेच उरले होते. त्यांना येथे आणणाऱ्या बाईंचे नाव पंडिता रमाबाई.

मुंबईत तुम्ही रमाबाई हे नाव अनेकदा ऐकले असेल. घाटकोपरचे रमाबाई नगर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी रमाबाई यांच्या नावाने ओळखले जाते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नीचे नावही रमाबाईच होते. आपण आज ज्यांची ओळख करून घेणार आहोत, त्या या दोघींहून वेगळ्या. त्या संस्कृतच्या मोठ्या विद्वान होत्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपले आयुष्य गरीब, अनाथ आणि टाकून दिलेल्या स्त्रियांमध्ये घालवले. त्यांनी असे आयुष्य का निवडले, हे समजण्यासाठी त्यांच्या लहानपणाकडे जायला हवे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीच्या दाट जंगलात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे आणि आईचे नाव लक्ष्मीबाई. त्या काळी ब्राह्मण घरातल्या मुलींनाही कोणी लिहायला-वाचायला शिकवत नसे. अनंतशास्त्रींनी मात्र आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले. लोकांना हे आवडले नाही. त्यांनी अनंतशास्त्रींना जाब विचारला. तेव्हा स्त्रीने शिकण्यात पाप नाही, हे त्यांनी धर्मग्रंथांच्या आधारे दाखवून दिले. पुढे ते जंगलात घर बांधून राहिले आणि तेथेच विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. नोकराच्या डोक्यावरील वेताच्या पेटीत बसून लहानग्या रमाबाईंचा प्रवास सुरू झाला. पुढे कितीतरी वर्षे या कुटुंबाला स्वतःचे घर मिळाले नाही. गावोगावी जायचे, देवळात बसून पुराणातील कथा सांगायच्या, लोक जे धान्य आणि पैसे देतील त्यावर राहायचे, आणि पुन्हा पुढच्या गावाला निघायचे. रमाबाई शाळेत कधीच गेल्या नाहीत. आईच त्यांची शिक्षिका होती. पहाटे सगळीकडे शांत असताना आई त्यांना जवळ बसवून श्लोक शिकवत असे. पंधरा-सोळा वर्षांच्या होईपर्यंत त्यांना हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

मग दुष्काळ आला. दुष्काळ म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला कहत म्हणता ते. १८७४ च्या सुमाराची ही गोष्ट. हे कुटुंब तेव्हा दक्षिण भारतात होते. पाऊस नव्हता, धान्य महाग झाले होते, आणि लोकांनाच खायला नव्हते तर कथा सांगणाऱ्याला कोण देणार? अनंतशास्त्रींनी आधी दागिने विकले. मग चांगले कपडे विकले. शेवटी स्वयंपाकाची तांब्या-पितळेची भांडीही विकली. मोलमजुरी करणे त्यांना शक्य झाले नाही. आपण उच्च जातीचे, विद्वान. आपण मजुरी कशी करायची, असे त्यांना वाटे. भीक मागण्याचीही लाज वाटे. अखेर ते सर्वजण तिरुपतीजवळच्या जंगलात गेले. अकरा दिवस त्यांनी झाडाची पाने, पाणी आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढले. पूर्ण खचून गेल्यावर रमाबाईंच्या भावाने, श्रीनिवासशास्त्रींनी, ठरवले की आता जातीचा अभिमान सोडायचा आणि मिळेल ते काम करायचे. पण तोवर उशीर झाला होता. काही दिवसांतच वडील वारले. पाठोपाठ आईही गेली.

आईचे प्रेत स्मशानात न्यायला चार माणसे हवी होती. परक्या गावात या अनाथ भावंडांना कोण विचारणार? मोठ्या मुश्किलीने दोन माणसे मदतीला आली. तिसरा भाऊ होता. चौथ्या बाजूला रमाबाई उभ्या राहिल्या. त्या उंचीने लहान होत्या, म्हणून तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली आणि तीन मैल चालत गेल्या. पुढे मोठी बहीणही पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, वारली.

आता भाऊ आणि बहीण दोघेच उरले. ते चालत राहिले. दक्षिणेकडून काश्मीरपर्यंत आणि तेथून बंगालपर्यंत सुमारे चार हजार मैल ते पायी फिरले. पंजाबात झेलम नदीच्या काठी एकदा कडाक्याची थंडी होती आणि अंगावर पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत आडवे झाले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. अशी त्यांनी रात्र काढली.

मित्रांनो, या दिवसांतली एक गोष्ट लक्षात ठेवा. रमाबाईंना हजारो श्लोक पाठ होते. त्यांच्या वडिलांइतका विद्वान माणूस शोधून सापडला नसता. पण हाताने करण्याचे एकही काम या घरात कोणाला शिकवले गेले नव्हते. त्यामुळे दुष्काळ आला तेव्हा सगळी विद्या असूनही घर उपाशी मेले. रमाबाई हे कधी विसरल्या नाहीत. पुढे केडगावला त्यांनी जे केले, त्याचे मूळ येथे आहे.

१८७८ मध्ये दोघे भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली. वीस वर्षांची एक मुलगी संस्कृतमध्ये उत्तरे देते, हे पाहून ते थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्यांची कीर्ती देशभर पसरली. पण १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. नवरा-बायकोची जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. त्यामुळे नातेवाईक आणि समाज दूर झाला. त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. मनोरमा एक वर्षाचीही नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबाबू पटकीने वारले. तेवीस वर्षांच्या रमाबाई विधवा झाल्या.

त्या काळी उच्च जातींत विधवा स्त्रीचे फार हाल होत. विधवा म्हणजे बेवा. तिचे केस कापून टाकत. तिला एकवेळ जेवण देत. घरातली सर्वांत कष्टाची कामे तिच्या वाट्याला येत, आणि सकाळी तिचे तोंड पाहणेही लोक अशुभ मानत. मुलींची लग्ने फार लहान वयात होत, म्हणून कित्येक विधवा तर दहा-बारा वर्षांच्या मुलीच असत. रमाबाईंना हे आता दुरून पाहायचे नव्हते. त्या स्वतःच त्यांच्यापैकी एक झाल्या होत्या.

त्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या. १८८२ मध्येच त्यांनी स्त्रियांसाठी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला होता. रमाबाईंनी आयोगापुढे मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार करा आणि स्त्रियांना डॉक्टर होण्याचे शिक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती. पुरुष डॉक्टरकडे जाण्याच्या संकोचाने किती स्त्रिया औषधावाचून मरतात, हे त्यांनी पाहिले होते.

स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले. पण त्यांना कानाने कमी ऐकू येत असे. तो त्रास वाढत गेला आणि डॉक्टरीचे शिक्षण सोडावे लागले.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी त्या ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे सिस्टरांच्या, आश्रमात राहत होत्या. या सिस्टर लंडनच्या फुलहॅम भागातही एक घर चालवत असत. एकदा रमाबाईंना ते घर पाहायला नेले. समाजाने वाईट चालीच्या म्हणून हाकलून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळत असे. सिस्टर त्यांची शुश्रूषा करत आणि त्यांच्याशी प्रेमाने वागत. रमाबाईंना फार आश्चर्य वाटले. अशा स्त्रियांना कोणी हाकलून देण्याऐवजी जवळ घेते, हे त्यांनी आजवर कोठे पाहिले नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले.

तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशू ख्रिस्त यांच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगितला. येशू ख्रिस्त यांना तुम्ही हजरत ईसा म्हणून ओळखता. एकदा ते प्रवासात थकून शोमरोन प्रांतात एका विहिरीजवळ बसले होते. त्यांचे यहुदी लोक शोमरोनी लोकांना हलके मानत आणि त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. भर दुपारी एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला आली. तिच्याविषयी गावात चांगले बोलले जात नसे. येशूंनी तिच्याकडे प्यायला पाणी मागितले आणि तिच्याशी आदराने, मोकळेपणाने बोलले. त्यांनी जात पाहिली नाही, तिचा भूतकाळ पाहिला नाही. हा प्रसंग रमाबाईंच्या मनात खोल रुजला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी वाँटेज येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुण्यात या बातमीने खळबळ उडाली. अनेकांनी कडक टीका केली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. रमाबाईंचा स्वभाव ऐकून मान डोलावण्याचा नव्हता. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशीही त्या वाद घालत आणि पटेल तेच स्वीकारत. धर्म बदलला तरी त्यांनी साडी सोडली नाही आणि शेवटपर्यंत मांसाहार केला नाही. आपल्या मातीतच राहून काम करायचे, हे त्यांनी ठरवले होते.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. कल्याणच्या आनंदीबाई त्या वर्षी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. रमाबाई पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्यांनी भारतातील उच्च जातीच्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगावी भाषणे दिली आणि विधवांच्या शाळेसाठी मदत मागितली. १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापन झाले. या मंडळाने दहा वर्षे शाळेचा खर्च देण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. सुरुवातीला फक्त दोन विद्यार्थिनी होत्या. त्यांपैकी एक विधवा होती. पुढच्या वर्षी ही शाळा पुण्याला हलवली. शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच महर्षी कर्व्यांनी पुढे स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. कांदिवलीहून लोकलने सांताक्रुझला उतरलात तर जुहूला त्याच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा मोठा परिसर तुम्हाला दिसेल.

शारदा सदनावरही संकट आले. रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडे असे. काही मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. धर्मांतराचा आरोप झाला. सल्लागार मंडळावरील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसेही बाजूला झाली. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी शाळा बंद केली नाही. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी काम चालू ठेवले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या भागात, मोठा दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंना आपले ते जंगलातले अकरा दिवस आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या. सरकारने उघडलेल्या अनाथालयांत आणि मदतकेंद्रांत फिरल्या. उपाशी मुलींना घासभर अन्नाचे आमिष दाखवून पळवून नेणारे लोक त्यांनी पाहिले. अशा मुलींना तेथे सोडून परत येणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी सुमारे तीनशे मुलींना आपल्याबरोबर आणले.

पण पुण्यात तेव्हा प्लेग पसरला होता. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी वारल्या. शहरात इतक्या नव्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा रमाबाईंना केडगावच्या जमिनीची आठवण झाली. शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून त्यांनी तेथे आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. त्या मोकळ्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. या वस्तीचे नाव पडले मुक्ती. मुक्ती म्हणजे सुटका, निजात.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक धाडस केले. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गरीब लोकांचे फार हाल होत होते. तेथील सरकारी रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि रमाबाईही ख्रिस्ती होत्या. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या तक्रारीची चर्चा इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेली. गरिबांना जेवू घालणे सोपे असते. त्यांच्यावर अन्याय करणाऱ्या सत्तेला जाब विचारणे अवघड असते. रमाबाईंनी दोन्ही केले.

आता केडगावचे रोजचे जीवन कसे होते ते पाहा. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या अंगावर फोड असत, केसांत उवा असत, पोटे आत गेलेली असत. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालता येत नाही. त्याला थोडे थोडे पातळ अन्न द्यावे लागते. या मुलींना न्हाऊ-माखू घालणे, जखमा धुणे, रात्री उठून पाणी पाजणे ही कामे कोणी केली? शारदा सदनात आधीपासून शिकत असलेल्या विधवांनी. त्यांतील बहुतेक उच्च जातीच्या होत्या. केडगावला आलेल्या मुली सर्व जातींच्या होत्या. ज्या घरांत अशा मुलींची सावलीही चालत नसे, त्या घरांतल्या बायका आता त्यांना मांडीवर घेऊन भरवत होत्या. रमाबाईंनी यावर मोठी व्याख्याने दिली नाहीत. त्या स्वतःच पदर खोचून कामाला लागत, म्हणून इतरही लागत.

१८९९-१९०० मध्ये गुजरात आणि राजपुताना येथे आणखी भयंकर दुष्काळ पडला. गुजराती लोक आजही त्याला छप्पनियो म्हणून आठवतात, कारण विक्रम संवत १९५६ मध्ये तो पडला. या वेळी रमाबाईंनी तयार केलेल्या स्त्रियाच मदतीला गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. काही वर्षांपूर्वी ज्या स्वतः आसऱ्याला आल्या होत्या, त्या आता दुसऱ्यांना आसरा देत होत्या. १९०० पर्यंत मुक्तीमध्ये पंधराशेहून अधिक मुली आणि स्त्रिया राहू लागल्या.

इतक्या जणींनी दिवसभर करायचे काय? येथे रमाबाईंचा खरा विचार दिसतो. प्रत्येक मुलीने लिहा-वाचायला शिकायचे आणि त्याबरोबर हाताने करायचे एक तरी काम शिकायचे, अशी पद्धत होती. काही मुली शेतात राबत. काही गाई-म्हशींचे दूध काढत. काही मागावर कापड विणत, शिवण शिवत, तेलाचा घाणा चालवत, कपडे धुण्याचे काम करत. काही जणी शिक्षिका झाल्या, काही परिचारिका झाल्या. छापखान्यात खिळे जुळवण्याचे कामही मुलीच करत. अंध मुलींसाठी वेगळी सोय होती. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. बोटांनी स्पर्श करून वाचायची ही लिपी त्यांनी या मुलींना शिकवली. फुलहॅममध्ये पाहिलेले घरही रमाबाई विसरल्या नव्हत्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपा सदन उघडले.

तुम्ही चारकोपला राहता, म्हणून हा विचार तुम्हाला लवकर समजेल. आपल्या चारकोपची बरीच वस्ती १९८० नंतरच्या दशकात म्हाडाने आखली. जागतिक बँकेच्या मदतीने रस्ते, पाणी, गटारे यांची सोय झाली आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना लहान लहान भूखंड मिळाले. त्यांवर घरे लोकांनी स्वतः बांधली. आधी एक खोली, मग पैसे साठले तसा माळा. पायाखाली जमीन मिळाली की गरीब माणूस स्वतःच्या हिमतीने घर उभे करतो, हे तुमच्या गल्लीत तुम्हाला दिसते. रमाबाईंनी त्या मुलींच्या पायाखाली अशीच जमीन दिली. उभे राहण्याचे काम मुलींनी स्वतः केले.

रमाबाई स्वतः कशा राहत? अंगावर जाडेभरडे पांढरे कापड, साधे शाकाहारी जेवण, केस आखूड कापलेले. देश-विदेशातून मदतीचे पैसे येत. पण त्यांच्या राहणीत कधी फरक पडला नाही.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी एक मोठे काम हाती घेतले. ख्रिस्ती धर्मग्रंथ बायबल याचे मराठी भाषांतर तेव्हा होते. पण त्यातले संस्कृत शब्द खेड्यातल्या बायकांना कळत नसत. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत नवे भाषांतर केले. ज्यांना संस्कृतसाठी सरस्वती ही पदवी मिळाली होती, त्या आता अवघड शब्द एक एक करून बाजूला काढत होत्या. शेतात राबणाऱ्या बाईलाही वाचता यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. या भाषांतराला कितीतरी वर्षे लागली. त्याची छपाईही मुक्तीच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी झाली.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. पण लवकरच मोठे दुःख वाट्याला आले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आईच्या सर्व कामात त्या उजवा हात होत्या. त्यांनी गुलबर्गा येथे मुलींची शाळाही काढली होती. या धक्क्यानंतरही रमाबाईंनी हातातले काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची मुक्ती ही संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते.

मित्रांनो, करुणा या शब्दाचा अर्थ रहम असा तुम्ही लिहून ठेवाल. अर्थ बरोबर आहे. पण रमाबाईंचे चरित्र वाचल्यावर त्या अर्थात थोडी भर घाला. दुसऱ्याची भूक पाहून वाईट वाटणे ही सुरुवात झाली. त्याच्या शेजारी जाऊन बसणे, त्याची जखम आपल्या हाताने धुणे, त्याच्यासाठी मोठ्यांना प्रश्न विचारणे आणि तो स्वतःच्या पायांवर उभा राहीपर्यंत थांबणे, हे सगळे त्यात येते. तुमच्या धर्मातही यतीम आणि बेवा यांची काळजी घेणे हे मोठे पुण्य मानले आहे. म्हणून रमाबाईंची गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही.

अशा कामासाठी शंभर एकर जमीन किंवा परदेशातली मदत असावीच लागते असे नाही. तुमच्या वर्गात एखादा मुलगा गावाहून नुकताच आला असेल आणि मराठी नीट येत नाही म्हणून मागच्या बाकावर गप्प बसत असेल. त्याच्या शेजारी जाऊन बसा. तुमच्या सोसायटीत धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींना बँकेचा अर्ज भरता येत नसेल. त्यांना अर्ज तर भरून द्याच, पण सही करायलाही शिकवा. पुढच्या वेळी त्या कोणाला विनंती न करता स्वतःच्या नावाची सही करतील. त्यांचा धर्म कोणता, जात कोणती, हे विचारू नका.